नाण्यातली चूक कशी ओळखावी
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आरतीच्या तबकातली चिल्लर मोजताना कुणीतरी हमखास विचारतं, "काका, हे नाणं वेगळं दिसतंय. याचे लाख रुपये येतील का?" म्हणून आज एवढंच सांगतो : टांकसाळीत झालेली चूक आणि नंतर झालेली मोडतोड यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा.

आधी जी चूक नाहीच, ती बघू. सालाच्या खाली तारा असेल तर नाणं आपल्या हैदराबादचं, चौकट असेल तर मुंबईचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. दहाच्या नाण्याचेही १४ नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०१८ साली जाहीर केलं होतं. ते सगळे खरेच.

आता खऱ्या चुका. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उचलतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबून नाणं पाडतात. पट्टी पुरती पुढे सरकली नाही, तर नव्या चकतीत आधीचं भोक येतं आणि चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. अशा नाण्याची बरोबर समोरची कड बघा. कड उचलताना तिथे दाब नीट बसत नाही, त्यामुळे ती बहुधा पुसट असते. कानशीनं घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत राहते.

ठशाला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा आत गेलेला असतो. भिंगातून बघितलं की लगेच कळतं.

सिंहमुद्रा सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तिरकी दिसली, तर ठसा फिरलेला होता.

पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. ही चूक संग्राहकांना विशेष आवडते. बारीक तड्याला फारशी किंमत येत नाही. आणि हो, असं नाणं सापडलं तर चिंचेनं घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

शेवटचं, वडीलधाऱ्यांसाठी. "तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा," असा फोन आला तर ठेवून द्या. आपल्या नावानं कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं आहे. ज्याला नाणं विकत घ्यायचं आहे, तो पैसे देतो. आपल्याकडे मागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!