सुरकुत्यांचे मलम आणि डबीवरील बारीक अक्षरे



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हिवाळ्यात हातपाय उलले की मोहाच्या टोळीचे तेल चोळण्याची रीत जुनी आहे. हे तेल कातडीतला ओलावा धरून ठेवते. सुरकुती काही मिटवत नाही. बाजारातील पुष्कळशा महाग डब्यांचे कामही एवढेच असते!

म्हणून झाकणावरील चित्र सोडून मागची अक्षरे वाचावीत. जो घटक अधिक, त्याचे नाव सामान्यतः आधी असते. रेटिनॉल असेल तर बारीक सुरकुत्या काही महिन्यांत थोड्या कमी होतात. मात्र ते रात्री, वाटाण्याएवढेच लावावे, आणि गरोदरपणी मुळीच नको. त्वचेला अकाली म्हातारपण आणते ते मुख्यतः ऊन. तेंदूपत्त्याला जाणारीने पदर कपाळावर ओढून घ्यावा, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे.

आणि घटक छापलेलेच नसतील तर? अकोल्याच्या एका तरुणीला, तिच्या आईला व बहिणीला मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ साली उघडकीस आले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातर्फे तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्याने रंग उजळतो, म्हणूनच बायका फसतात. परवाना क्रमांक नसलेली डबी मैत्रिणीने दिली तरी परत करावी.