ठेव कोणाची, जोखीम कोणाची?



 आजचा विषय पेढी, बँक आणि कायदा यांचा आहे. दिवसभर उन्हाने तापलेल्या माणसांनी संध्याकाळी नदीकाठी येऊन व्याजबट्ट्याची चर्चा का ऐकावी, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. पण पैशाचा विषय दुसऱ्याच्या पैशाचा असतो तोवरच रुक्ष वाटतो. तो आपल्या पैशाचा झाला की, त्याइतका जिव्हाळ्याचा विषय दुसरा नाही.

आपण म्हणतो, ‘मी बँकेत पैसे ठेवले.’ हा ‘ठेवणे’ शब्द मोठा फसवा आहे. शेजारणीकडे दागिन्यांचा डबा ठेवला, तर तोच डबा, तेच दागिने परत मिळावेत अशी आपली अपेक्षा असते, आणि कायदाही तेच म्हणतो. डबा आपलाच राहतो. शेजारीण केवळ राखणदार. बँकेत ठेवलेल्या पैशाचे तसे आहे काय? मुळीच नाही. इंग्लंडच्या उमरावसभेने १८४८ साली फोले विरुद्ध हिल या खटल्यात याचा निकाल दिला. बँकेच्या हाती पडलेला पैसा बँकेचा होतो. ती तो वाटेल तसा वापरू शकते. तिच्यावर बंधन एवढेच की, मागणी होताच तेवढी रक्कम तिने दिली पाहिजे. याचा अर्थ, बँक ही राखणदार नव्हे, ऋणको आहे. आणि आपण धनको. आपल्याकडील १९४९ च्या बँकिंग कायद्यातील व्याख्याही सांगते की, कर्जे देण्यासाठी किंवा गुंतवणुकीसाठी लोकांकडून ठेवी स्वीकारणे म्हणजे बँकिंग. तेव्हा ज्याला आपण ठेव म्हणतो ते खरे पाहता आपण बँकेला दिलेले कर्ज असते. कर्ज देणाऱ्याने जे प्रश्न विचारावयाचे, ते ठेवीदाराने विचारले पाहिजेत. पैसा कोणाच्या हाती देतो? लेख काय? आणि तो बुडाला तर भरून कोण देणार?

हे प्रश्न विलायतेतून आलेले नाहीत. ते विचारणारा एक ठेवीदार आपल्याच नाशकात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. मुंबईच्या रस्त्यावर त्रिरश्मी डोंगरात जी पांडवलेणी आहेत, त्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा दीनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने लेणे कोरविले, भिक्षूंना अर्पण केले आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिली. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे जे कधी मोडावयाचे नाही असे मुद्दल. हे पैसे त्याने विहारात नेऊन ठेवले नाहीत. गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे ते दिले. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरजवळ त्याच नावाने नांदते आहे.

आता लेखातील तपशील पाहा. दोन हजार कार्षापण एका श्रेणीकडे, व्याज दरमहा दरशेकडा एक. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, व्याज दरमहा दरशेकडा पाऊण. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ वाढ उपभोगावयाची. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही दोनशे चाळीस. एका कार्षापणाची तफावत नाही! दाता क्षत्रपाचा जावई खरा, पण हिशेब पक्का कारकुनाचा आहे.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती लेखातील पुढची गोष्ट. हे सारे निगमसभेत ऐकविले आणि फलकावर रीतीप्रमाणे लिहून नोंदविले, असे लेख सांगतो. म्हणजे व्यवहार दोघांत गुपचूप झाला नाही. नगराच्या सभेपुढे तो वाचला गेला, दप्तरी चढला आणि वर दगडात कोरला गेला. पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशाच ठेवी ठेवल्या. त्या एकाच ठिकाणी न ठेवता अनेक श्रेणींत वाटून ठेवल्या, त्यांत तेल्यांचीही एक श्रेणी होती. सगळा पैसा एका हाती देऊ नये, हे शहाणपण त्या बाईला कोणी शिकविले असेल? अनुभवानेच ना?

मात्र याच लेण्यापुढे उभे राहिले की एक कटू सत्यही जाणवते. अक्षरे राहिली, श्रेणी गेल्या. अक्षय म्हटलेली नीवी क्षय पावली. लेख कितीही पक्का असला तरी त्याच्यामागे उभा राहणारा कोणी असावा लागतो. लेखाने हक्क सिद्ध होतो. पैसा मिळतोच असे नाही.

हीच अडचण आपल्या व्यापाऱ्यांनी हुंडीच्या द्वारे निराळ्या रीतीने सोडविली. जुन्या काळी वाटा चोरांच्या, आणि रुपये टांकसाळीगणिक वेगळे. आपल्या जिल्ह्यातच चांदवडला टांकसाळ होती, तिचा चांदोरी रुपया प्रसिद्ध होता. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवावयाचा तर सराफ त्यावर बट्टा घेई; ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो ते त्यावरूनच. सर्वत्र एकच रुपया चालावा असा कायदा कंपनी सरकारने केला तो १८३५ साली. अशा स्थितीत दूरच्या यात्रेस निघालेला किंवा माल आणावयास गेलेला मनुष्य कमरेला रोकड बांधून कसा जाणार? तो पेढीवर रक्कम भरी, हुंडणावळ देई, आणि कागदाचा एक तुकडा घेऊन निघे.

त्या कागदाची घडण पाहण्यासारखी आहे. शंभर रुपये लिहिले की त्याचे निमे पन्नास आणि त्याची दुप्पट असे पुन्हा लिहावयाचे, म्हणजे आकड्यात फेरफार करणाऱ्याची पंचाईत व्हावी. हुंडी हरवली तर दुसरी प्रत द्यावयाची तिला पेठ म्हणत, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका झाला. दाखविताच पटावयाची ती दर्शनी, मुदतीने पटावयाची ती मुदती. आणि या सर्वांत कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची ती शहाजोग हुंडी. तिचे पैसे वाटेल त्याला द्यावयाचे नाहीत. बाजारात पत असलेल्या शहाच्या हातीच द्यावयाचे. पुढे हुंडी चोरीची निघाली, तर ज्या शहाने पैसे घेतले तो ते परत करण्यास बांधलेला असे. म्हणजे व्यवहार बिघडला तर कोणाला धरावयाचे, हे व्यवहार होण्यापूर्वीच ठरलेले होते. १८८१ साली सरकारने चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांत लिहिलेल्या अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. रूढी इतकी बळकट होती की कायद्याने तिच्यापुढे बाजूला होऊन वाट दिली!

अर्थात रूढीचे हे बळ ओळखीच्या वर्तुळापुरतेच होते. शहा सर्वांना ठाऊक, म्हणून शहाची जबाबदारी. पण वर्तुळ वाढले आणि अनोळखी माणसांचा पैसा एका छताखाली आला म्हणजे काय होते, हे मुंबई इलाख्याने लवकरच पाहिले. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेत सरकारचे भाग होते, सरकारचे संचालक होते. लोकांना वाटले, सरकारच उभे आहे, भीती कसली? अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६३ च्या नव्या कायद्याने बँकेवरील जुनी बंधने सैल केली, आणि कंपन्यांच्या भागांवर कर्जे देण्याची मोकळीक तिला मिळाली. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर पैशाचा पाऊस पडला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, ते कागद रद्दीच्या मोलाचे झाले. आणि १८६८ साली बँक गुंडाळावी लागली. सरकारचे नाव पाटीवर असणे आणि सरकारची हमी असणे या दोन गोष्टी वेगळ्या, हा धडा तेव्हा मिळाला.

सरकारचे खरेखुरे वचन कोठे असते, ते आपल्या खिशातील नोटेवर पाहा. अमुक इतके रुपये देण्याचे वचन तिच्यावर गव्हर्नरांच्या सहीने छापलेले असते. पूर्वी या नोटा विलायतेत छापून येत. १९२८ पासून आपल्या नाशिकरोडला छापल्या जाऊ लागल्या. नोट हेही एक ऋणपत्रच; पण तिच्या मागे रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार उभे असते. पासबुकातील आकड्याच्या मागे उभी असते ती केवळ ती बँक. आपण मात्र दोन्हींना सारखेच ‘पैसे’ म्हणतो.

हा फरक लोकांना कळला तो पुन्हा दुःखानेच. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि पाठोपाठ केरळातील पलाई सेंट्रल बँक. त्या हाहाकारातून १९६१ चा ठेवविम्याचा कायदा जन्मास आला, आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या दीड हजार रुपयांस विम्याचे संरक्षण मिळाले. १९९३ साली ही मर्यादा एक लाख झाली आणि २०२० साली पाच लाख. एका बँकेतील आपल्या सर्व शाखांतील ठेवी, मुद्दल व व्याज मिळून, ही मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवावे.

तरीही पाच लाखांची ही वाढ होण्यासाठी आणखी एक धक्का बसावा लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच उद्योगसमूहाकडे अडकलेले प्रचंड कर्ज वह्यांत झाकलेले निघाले. ठेवीदारांना प्रारंभी खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती. निवृत्त माणसे, लग्न ठरलेली घरे, दवाखान्यात माणूस असलेली कुटुंबे बँकेच्या दारात उभी राहिली. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांना पूर्ण रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत सांगण्यात आली. निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम हाती पडावी, ही दुरुस्ती कायद्यात झाली ती २०२१ साली.

आता जी गोष्ट सांगतो ती कृपा करून घरी जाऊन सर्वांना सांगावी. हा विमा बँकांना आहे. नागरी सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थांना तो नाही. पतसंस्थेच्या पाटीवर ‘सहकारी’ आणि ‘मर्यादित’ हे शब्द असतात, काउंटर असतो, पासबुक असते, व्याज अर्धा-एक टक्का अधिक असते. हे सारे पाहून मनुष्य तिला बँकच समजतो. अनेक पतसंस्था उत्तम चालतात, सामान्यांच्या अडीअडचणीला धावून जातात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तेथे पैसे ठेवताना आपण कोणाला कर्ज देत आहो, त्याची कर्जे कोणाकडे आहेत, हिशेबतपासणीचा अहवाल काय म्हणतो, हे विचारण्याचा सभासदाला अधिकार आहे. वार्षिक सभेला जाऊन चहा घेऊन परत येणाऱ्या सभासदाने पुढे कोणाला दोष द्यावा?

शेवटी नव्या युगाच्या हुंडीविषयी. २०१६ सालापासून यूपीआय आले, आणि भाजीवालीच्या टोपलीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसू लागला. २००७ च्या कायद्याने देणीघेणी चुकती करण्याच्या या यंत्रणा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आणल्या. हुंडणावळ नाही, बट्टा नाही, क्षणात पैसे पोचतात. सोय अपूर्व आहे. पण शहाजोग हुंडीतला शहा येथे कोठे आहे? समोरचा मनुष्य कोण, हे दिसत नाही. म्हणून २०१७ साली रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, बँकेची वा खातेदाराची चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर खातेदारावर भार नाही. आणि खातेदार जबाबदार आहे असे म्हणावयाचे तर ते सिद्ध बँकेने करावे. मात्र गुप्त आकडा स्वतः दुसऱ्याला सांगितला, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. तेव्हा एवढे पक्के ध्यानी ठेवा : पैसे घेण्यासाठी हा आकडा कधीच लागत नाही, तो लागतो देण्यासाठी.

श्रोतेहो, विणकरांच्या श्रेणीपासून मोबाइलपर्यंत साधने बदलली. कायदाही पुढे सरकला; पण बहुतेक वेळा कोणी तरी बुडाल्यानंतर सरकला. कायद्याची ती चाल आपण बदलू शकत नसू. निगमसभेची रीत मात्र आपल्या हाती आहे. उषवदाताने दर विचारला, अटी लिहून घेतल्या आणि चारचौघांत वाचून दाखविल्या. आपण निदान आपल्या पावतीवरचा मजकूर वाचावा आणि जेथे पैसा आहे तेथील सभेत उभे राहून एक प्रश्न विचारावा. ठेव आपली आहे. प्रश्नही आपणच विचारला पाहिजे.