जुने खेळ आणि नवा पडदा



पगार आणि बोनस सोडून हा गृहस्थ संगणकावरील जुन्या खेळांवर काय बोलणार, असे पत्रिका पाहून काहींना वाटले असेल. पण हाही हिशेबाचाच प्रश्न आहे, आणि एका माणसाच्या मेहनतीचाही.

तीसएक वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीसाठी संगणक आला. रात्रपाळीला, साहेब नसताना, त्यावर आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत असू. गेल्या वर्षी युनियनच्या कचेरीत एका तरुण कामगाराने लॅपटॉपवर तोच खेळ लावून दिला. पाहतो तो राजपुत्र चांगला अंगाने भरलेला! तुरुंगातले जेवण मानवले म्हणायचे. वाटले, आपलीच आठवण दगा देते आहे. तसे नव्हते.

या खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर. १९८५ साली त्याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रणातील एकेका चित्रावरून राजपुत्राची आकृती रेखली. १९८९ साली खेळ ॲपल टू या यंत्रावर आला, १९९० साली डॉसवर. म्हणजे पडद्यावर धावतो तो खराखुरा हाडामांसाचा मुलगा आहे. त्याला फुगवणे म्हणजे मापात घडवलेला जिन्नस ठोकून चपटा करणे.

माप बिघडते कुठे? डॉसवरच्या त्या काळच्या कितीतरी खेळांचे चित्र ३२० ठिपक्यांच्या २०० ओळींचे असे. एकूण ठिपके ६४,०००. २५६ रंगांत ठिपक्याला एक बाइट लागे, आणि हे सारे स्मृतीच्या ६५,५३६ बाइटांच्या एका खणात नेमके मावे. ही काटकसर होती. मात्र ३२०ला २०० हे प्रमाण आठास पाच, आणि तेव्हाचा काचेचा मॉनिटर चारास तीन. तो चित्र उभे ताणून काच भरी, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा एक पंचमांशाने उंच दिसे. चित्रकारही तशाच काचेसमोर बसून काम करी. काचेवर चंद्र गोल दिसावा म्हणून ठिपक्यांच्या मोजणीत तो बसका काढावा लागे.

आजचा पडदा सोळास नऊ, बहुधा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. खेळ त्यावर काठोकाठ पसरला की सगळे एक तृतीयांशाने रुंद होते. हाच आमचा लठ्ठ राजपुत्र.

उपाय सोपा आहे. जुना संगणक नव्यात उभा करणारा डॉसबॉक्स नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. त्याच्या ०.७४ या आवृत्तीत प्रमाण राखण्याची सोय मुळात बंद असते. सेटिंगच्या फाइलीत, अर्थात इंग्रजी अक्षरांत, 'ॲस्पेक्ट'पुढे 'ट्रू', 'फुलरिझोल्युशन'पुढे 'डेस्कटॉप' आणि 'आउटपुट'पुढे 'ओपनजीएल' लिहावे. चित्र १४४० बाय १०८० होते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात.

येथे एक पेच उरतो. १०८०ला २००ने भागले तर ५.४ येतात. म्हणजे काही ओळी पाच ठिपक्यांच्या, काही सहाच्या. नाहीतर कडा पुसट कराव्या लागतात. माझ्या डोळ्यांना पुसट चालते, काचेवरही ते कोरीव नव्हतेच. ज्यांना स्वच्छ चौकटी हव्यात त्यांनी पूर्ण पटीत वाढवावे. आडवे पाच पट, उभे सहा पट केले की बरोबर १६०० बाय १२०० येते, प्रमाणात तसूभर फरक नाही. पण ते १०८० ओळींच्या पडद्यात मावत नाही. तेथे चार आणि पाच पट, म्हणजे १२८० बाय १०००, असे नव्या काही एम्युलेटरांत करता येते. प्रमाण थोडे चुकते, शंभरात चारच. एवढी तडजोड मी मालकाशीसुद्धा केली असती.

सर्वच खेळांना मात्र हा नियम लावू नये. काही चित्रे दुसऱ्या यंत्रांसाठी काढून नंतर डॉसवर आणलेली आहेत. खेळात एखादे चाक, नाणे किंवा चंद्र शोधावा आणि तो गोल दिसेल ते माप ठेवावे.

आमच्या त्या तरुणाला काळ्या पट्ट्या खपेनात. "काका, एवढा पडदा पैसे देऊन घेतलाय, तो रिकामा का ठेवायचा?" मी म्हटले, "वहीला समास असतो तोही पैसे देऊनच घेतो ना?" त्याला ते फारसे पटले नाही. कचेरीत पट्ट्या ठेवतो. घरी ठेवत नाही, असे त्याची बायको सांगते.