मनाच्या दुखण्याची लाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर या व्यासपीठावरून मी गुणवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकाचे चार शब्द बोलत आलो. या वेळी कार्यकारी मंडळाने आरोग्य या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. मी वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला एक सामान्य शिक्षक आहे. मधुमेह व रक्तदाब यांवर बोलण्यास आपल्या ज्ञातीत अधिकारी डॉक्टर आहेत. तेव्हा ज्या दुखण्याची चौकशी आपण एकमेकांच्या घरी कधीच करीत नाही, त्याविषयी मी बोलणार आहे.

आरंभीच एका असत्याची कबुली देणे प्राप्त आहे. सन २०२२ मध्ये सुमारे पाच महिने मी दर गुरुवारी दुपारी बाहेर जात असे. विचारणाऱ्यांस मी दातांचे काम चालू असल्याचे सांगत असे. येथे बसलेल्या एका स्नेह्यांनी तर माझ्या कवळीची आपुलकीने विचारपूसही केली होती. त्यांची मी सर्वांसमक्ष क्षमा मागतो. माझे दात शाबूत आहेत. मी जात होतो तो मानसोपचारासाठी.

त्याचे कारण असे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझ्या थोरल्या बंधूंचा एका संध्याकाळी गावाहून फोन आला. अंगात ताप व किंचित खोकला होता. मी म्हणालो, "दादा, रात्रभर वाट पाहू, सकाळी गाडी करून तालुक्याला नेऊ." सकाळी त्यांना धाप लागली. दुपार उलटेपर्यंत खाट मिळाली नाही. चौथ्या दिवशी दादा गेले. अंत्यदर्शनही घडले नाही.

वहिनींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दोष देणारा माझ्यातच बसला होता. पहाटे तीनला जाग येई आणि "माझ्यामुळे दादा गेला" हे एकच वाक्य मनात फिरू लागे. मी गावी जाणे सोडले, वहिनींचा फोन घेणे टाळले, वर्तमानपत्र वाचणेही सुटले. घरच्यांना वाटे, वयोमानाने असे होत असावे. वर्ष असेच गेले. अखेर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, एकदा समुपदेशकांकडे जाऊन येऊ." मी संतापून विचारले, "मला वेड्यात काढता काय?" ते उत्तर आठवले की आजही मला ओशाळल्यासारखे होते.

ज्या उपचाराने मला आधार मिळाला, त्यास इंग्रजीत कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी म्हणतात. मराठीत बोधात्मक वर्तनोपचार म्हणता येईल. त्याचे मूळ सूत्र नवे नाही. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेविषयीच्या स्वतःच्या मताचा त्रास अधिक होतो, हे एपिक्टेटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी सांगितले होते. त्या सूत्रावर न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली. पुढे फिलाडेल्फियाचे डॉ. ॲरन बेक यांनी खिन्नतेच्या रुग्णांचे विचार बारकाईने तपासून आपली पद्धती बसविली. एलिस यांची विचारसरणी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, आणि ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था स्थापन केली. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी राहिलेली नाही.

माझी अपेक्षा होती की तेथे कोणी उपदेश करील, किंवा बालपणीच्या गोष्टी उकरून काढील. तसे काहीच घडले नाही. समुपदेशक बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या होत्या आणि मला 'गुरुजी' म्हणत. त्यांनी मला चक्क गृहपाठ दिला! एका वहीत रकाने आखावयाचे. पहिल्यात प्रसंग, दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेला विचार, तिसऱ्यात भावना व तिची तीव्रता शंभरपैकी किती, पुढे त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, मग विरुद्ध बाजूचा, आणि शेवटी दोन्ही बाजू पाहून ठरलेला विचार. जन्मभर हजेरीपत्रकाचे रकाने भरलेल्या मला हे काम जमण्यासारखे होते.

"माझ्यामुळे दादा गेला" या वाक्यावर माझा विश्वास किती, असे बाईंनी विचारले. मी शंभरपैकी पंचाण्णव सांगितले. त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, जो धडा वर्गात अद्याप शिकविलाच नव्हता, त्यावरचा प्रश्न चुकला म्हणून तुम्ही मुलाचे गुण कापले असते का?" मी नाही म्हणालो. "मग त्या संध्याकाळी तुम्हांला जे ठाऊक नव्हते, त्याचे गुण आज का कापता?"

मी निरुत्तर झालो. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक वर्तुळ काढावयास लावले. दादांच्या मृत्यूस जी जी कारणे झाली, त्यांना त्या वर्तुळात वाटा द्यावयाचा, आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी. रोगाचा वाटा, दादांच्या वयाचा व मधुमेहाचा, न मिळालेल्या खाटेचा, गावापासूनच्या अंतराचा. हे सर्व मांडून झाल्यावर माझ्यासाठी एक पातळ फोड उरली. ती बाईंनी पुसावयास सांगितली नाही, आणि मीही पुसली नाही. त्या रात्री निघालो असतो तर बरे झाले असते, ही हळहळ खरी आहे व ती राहील. परंतु हळहळ निराळी आणि खुनाचा आरोप निराळा. हा भेद मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी शिकावा लागला.

केवळ विचार तपासून मात्र भागत नाही. ज्या गोष्टी टाळतो, त्या पायरीपायरीने पुन्हा कराव्या लागतात. प्रथम वहिनींना पाच मिनिटे फोन, मग दादांचे छायाचित्र पाहणे, शेवटी गावी जाणे. सोळाव्या बैठकीनंतर मी गावी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भावोजी, मला वाटत होते, मीच तुम्हांला लवकर फोन केला नाही म्हणून तुम्ही रागावलात." दोघेही एकच ओझे दोन घरांत वाहत होतो!

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. या बैठका साधारणतः आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तासाच्या असतात आणि पुष्कळदा बारा ते वीस पुरतात. खाजगी उपचारास पैसे लागतात. मी निवृत्तिवेतनातून बैठकीमागे एक हजार रुपये भरीत होतो आणि ते मला जड गेले. म्हणून शुल्क व बैठकांची अंदाजी संख्या पहिल्याच भेटीत विचारावी. समुपदेशक ही पाटी अल्प शिक्षणावरही लागते, यास्तव शिक्षण व अनुभव विचारण्यात संकोच नसावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. तो नोंदणी क्रमांक पाहावा. औषधे देण्याचा अधिकार मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. दुखणे तीव्र असेल, अन्नपाणी सुटले असेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडी येत असतील, तर वहीवर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टर गाठावा. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, आणि तेथे मराठीत बोलता येते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे दहा टक्क्यांहून अधिक लोकांस मानसिक आजार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांना कसलाही उपचार मिळत नव्हता. आपली ज्ञाती यास अपवाद असेल असे मानण्यास आधार नाही. या सभागृहात दोनशे माणसे आहेत. हिशेब आपणच करावा.

मग आपण लपवितो का? आपण सर्व जाणता. घरात लग्नाची मुले असतात. माझ्या धाकट्या चिरंजीवांचे लग्न अद्याप ठरावयाचे आहे, आणि हे भाषण करण्यापूर्वी मी त्यांची संमती घेतली. ते म्हणाले, "बाबा, हे ऐकून जे स्थळ मागे फिरेल, ते फिरू द्या." मुलाच्या त्या एका वाक्याने मला येथे उभे राहण्याचे बळ आले. विवाह ठरविताना गंभीर आजार दडवावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु दुखणे ओळखून उपचार घेणारा मनुष्य, आणि दुखणे घेऊन दारे लावून बसलेला मनुष्य, यांत डाग कोणता मानावयाचा, याचा विचार व्हावा.

कार्यकारी मंडळास माझ्या दोन विनंत्या आहेत. वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस जशी मदत मिळते, तशी समुपदेशनाच्या शुल्कासही मिळावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने लेखावयास सांगितले आहे. मग आपणच मागे का राहावे? आणि दुसरे, अशा अर्जदाराचे नाव अहवालात छापू नये; अर्ज ज्ञातीतील एकाच डॉक्टरांनी पाहावा. माझे नाव छापण्यास मात्र माझी हरकत नाही. सुरुवात कोणीतरी करावयास हवी होती.

पुढील गुरुवारी आपल्यापैकी कोणास दातांच्या डॉक्टरकडे जावयाचे असल्यास, सोबतीला मी येईन. इतके बोलून आपली रजा घेतो.