आमची पद्मी आणि सोसायटीचा धक्का

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे, ‘आमची फियाट’. मी म्हटलं, अहो, पंचवीस वर्षांत सोसायटीने पाण्याची टाकी बांधली, लिफ्ट बदलली, गळती काढली, त्यावर बोलतो. तर समितीतल्या वहिनी म्हणाल्या, “काका, गळतीवर ऐकायला कोण थांबेल? गाडीवर बोला.” तेव्हा गाडीवर बोलतो. शेवटी एक काम मात्र काढणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढे सतरंजीवर बसून वेफर्स खाणाऱ्या बाळगोपाळ मंडळींसाठी थोडा इतिहास. आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथे १९६४ पासून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी तयार व्हायला लागली. तेव्हा तिचं नाव फियाट ११०० डिलाइट. १९७४ पासून ती पद्मिनी झाली. पण लग्नात मुलीचं नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात ना, तसे लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. तिच्या आधीची जी गोल नाकाची फियाट होती तिला तर सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. आमची त्या मानाने नाकीडोळी नीटस.

त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे फियाट, अॅम्बेसेडर नाहीतर स्टँडर्ड, संपली यादी. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र पालटायला लागलं. मी आमची पद्मिनी घेतली १९९७ मध्ये, एका डॉक्टरांकडून, सेकंडहँड. म्हणजे लोक फियाट विकून मारुती घेत होते तेव्हा मी फियाट घेतली. कारण अगदी साधं होतं. खिशाला तीच परवडत होती. घरात तिचं नाव लगेच ‘पद्मी’ झालं.

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळिसेक हॉर्सपॉवर. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगलाच बाजूला चिकटलेला. पुढची सीट म्हणजे अखंड बाकडं, त्यावर तिघं ऐसपैस आणि एक मूल मांडीवर. पुढच्या खिडक्यांना काचेचे छोटे त्रिकोण, ते फिरवले की वारा थेट तोंडावर. एसी तो हाच.

बाकीच्या खुब्या वयानुसार आलेल्या. मागचा डावा दरवाजा फक्त आतून उघडायचा. काचा वर-खाली करायचं हँडल चार दरवाजांत मिळून एकच शिल्लक होतं. ते काढायचं, दुसऱ्या दरवाजाला लावायचं, फिरवायचं, पुढच्याकडे द्यायचं. पाऊस आला की गाडीत “हँडल पास करा, हँडल पास करा” असा गजर सुरू व्हायचा. चौथ्या खिडकीपर्यंत हँडल पोचेस्तोवर सर थांबलेली असायची.

चोरीची भीती मात्र कधी वाटली नाही. एकदा मुंबईत एका मोठ्या हॉटेलात लग्नाला गेलो. दारात गणवेशातला तरुण मुलगा आला, ऐटीत किल्ली घेतली, आत बसला आणि डाव्या हाताने खाली गिअर शोधायला लागला. बराच वेळ चाचपला. मग बाहेर येऊन नम्रपणे म्हणाला, “सर, गाडीचा गिअर कुणीतरी काढून नेलाय.”

आता मुद्द्याकडे येतो. पद्मी धक्क्याशिवाय चालू होत नसे. रोज असं नाही, पण हिवाळ्यात हमखास आणि पावसाळ्यात बहुतेक. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, ती दोनदा खोकायची आणि गप्प. बॅटरी उतरलेली असली की सेल्फला इंजिन फिरवण्याइतका जोर नसतो. मग ते काम चाकांकडून करून घ्यायचं. क्लच दाबून सेकंड गिअर टाकायचा, मागून चौघांनी ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात, एक गचका बसतो आणि गाडी सुरू होते. आजच्या ऑटोमॅटिक गाडीला तुम्ही असं ढकलत स्टेशनपर्यंत नेलंत तरी ती सुरू होणार नाही.

हे चौघं कोण? तर तुम्हीच. १९९९ साली आपण इथे राहायला आलो तेव्हा कुणी कुणाला ओळखत नव्हतं. कोण गिरगावातून आलेलं, कोण डोंबिवलीहून, कोण सातारा-सांगलीकडचं. नेमप्लेटी बघून आडनावं कळायची, तेवढीच ओळख. पण सकाळी पावणेआठला चार माणसांना एकत्र गाडी ढकलायला लावा. सहा महिन्यांत त्यांना एकमेकांची लोकल, बॉस, बीपी आणि सासरची माणसं सगळं माहीत होतं. बी विंगमधले एक सभासद गाडी ढकलून परस्पर स्टेशनला पळायचे. ते रजेवर असले तर आदल्या दिवशी येऊन सांगायचे, “उद्या बदली माणूस बघा.”

पद्मीमुळे गैरसमजही झाले. एकदा जिन्यात मी कुणाला तरी सांगत होतो, “पद्मी आज सकाळपासून उठायलाच तयार नाही. चौघांनी ढकललं तेव्हा कुठे हलली.” हे नव्याने राहायला आलेल्या काकूंनी ऐकलं. संध्याकाळी त्या डब्यात मऊ भात घेऊन दारात उभ्या. आमच्या सौ.ला विचारतात, “तुमच्या सासूबाईंना आता बरं वाटतंय का हो?” आमची आई आतून म्हणाली, “मी ठणठणीत आहे, पण भात ठेवून जा.”

मे १९९९ मध्ये आम्ही पुण्याला एका लग्नाला निघालो. राहायला येऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. समोरच्या बिऱ्हाडालाही त्याच दिवशी पुण्याला जायचं होतं, म्हणून तेही बरोबर. मोठी पाच, मुलं दोन. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे तेव्हा व्हायचा होता, त्यामुळे खोपोलीवरून जुना खंडाळा घाट. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, असं सांगतात. लोक चालत्या गाडीतून नाणं टाकून पुढे जातात. पद्मीने आम्हाला खाली उतरून, चप्पल काढून, हात जोडून, अगदी सावकाश नाणं वाहायची सोय करून दिली. ती देवळाच्या अलीकडेच बंद पडली.

कारण उन्हाळ्यातलं नेहमीचं. या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. भर उन्हात घाट चढताना तो इतका तापतो की पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो, कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही. याला औषध एकच. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि थांबायचं. फडकं कुणाकडे नव्हतं. शेवटी समोरच्या काकांनी गळ्यातलं कोरं, जरीकाठी उपरणं काढून दिलं. आईने त्यावर फिरकीच्या तांब्यातलं पाणी ओतलं. पाऊण तास आम्ही वळणावर सावलीला बसलो. दशम्या सुटल्या, लोणचं निघालं, मुलांनी भेंड्या लावल्या. लग्नात काका काळ्या डागांचं उपरणं मिरवत हिंडले. कुणी विचारलं की म्हणायचे, “पद्मीला ताप आला होता, पट्टी ठेवली.” त्या दिवसापासून दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात. आजही आहेत.

आता गेटाजवळच्या जागेविषयी. आपलं आवार मागून पुढे किंचित उतरतं आहे, हे पाणी तुंबतं तेव्हा सगळ्यांना आठवतं. २००० साली कार्यकारिणीने पद्मीला पार्किंग दिलं ते मुद्दाम गेटाच्या डाव्या हाताला, उताराच्या तोंडाशी. ढकलणाऱ्यांचे कष्ट वाचावेत म्हणून. लिफ्टच्या दारातून निघालं की ती जागा सरळ समोर. पुढे काही अडथळा नाही, गेट उघडलं की रस्ता. या जागेचा खरा उपयोग काय, ते आम्हाला २००२ च्या जुलैत कळलं.

रात्रीचे दोन वाजले होते, धो धो पाऊस. सी विंगमधल्या वहिनींना कळा सुरू झाल्या. फोन केला, रुग्णवाहिका मिळेना. रिक्षाचा पत्ता नाही. बेल वाजली, मी किल्ली घेऊन खाली. पद्मी अर्थातच गप्प. पावसात डिस्ट्रिब्युटरला ओल धरली की ठिणगीच पडत नाही. कुणीतरी कोरडा पंचा आणून तो पुसला. सोसायटीतली एकुलती एक मोठी छत्री माणसांच्या डोक्यावर नव्हती, बॉनेटवर धरली होती. लुंगी, बनियन, बर्म्युडा अशा वेशात सहा माणसं गाडीला भिडली. तरी गाडी हलेना. बघतो तर होणारे बाबा इतके गांगरले होते की सगळे मागून ढकलत होते आणि ते पुढून. त्यांना उचलून आत बसवलं. उतारावर गाडीने वेग घेतला, गेटातच गचका बसला आणि पद्मी सुरू झाली. बारा मिनिटांत हॉस्पिटल गाठलं.

त्या रात्री झालेली मुलगी आज या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करते आहे. हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिने एकच अट घातली, “काका, मला सुरू व्हायला धक्का लागत नाही, हे पण सांगा.” सांगितलं.

२०१४ मध्ये पद्मीला निरोप दिला. तिची पुनर्नोंदणी होत होती, सुटे भाग शोधले तर मिळत होते. पण ढकलणारे हात साठीला आले होते आणि त्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. नाशिकचा एक हौशी तरुण जुन्या गाड्या जीव लावून सांभाळतो, त्याला ती दिली. तो न्यायला आला तेव्हा शेवटचा धक्का द्यायला तुम्ही पंधरा-वीस जण खाली जमला होतात. त्याने किल्ली फिरवली आणि ती बया पहिल्या सेल्फला सुरू झाली! सतरा वर्षांत पहिल्यांदा. आमच्या सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तर पद्मीचा रागच आला.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही बंद झाल्या. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची, तिची वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रातला फोटो बघून तुमच्यापैकी अनेकांनी मला फोन केलेत, जणू आमच्याच घरातलं कुणी गेलं.

आता शेवटी काढायचं ठरवलेलं काम.

पद्मी गेल्यावर त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपण ठराव केला, की गेटाजवळची ती जागा कुणालाही द्यायची नाही, रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवायची. पिवळा चौकोन आखला. कोविडच्या दोन वर्षांत त्या चौकोनात किती वेळा गाडी येऊन लागली, हे इथे बसलेल्या बऱ्याच घरांना ठाऊक आहे. काही माणसं तिथून गेली ती परत आली नाहीत. पण जी परत आली, त्यांतली दोन मला इथे समोर दिसताहेत.

पुढच्या महिन्यातल्या सभेची नोटीस लागली आहे. विषय क्रमांक सहा : गेटाजवळची जागा सोडत काढून प्रतीक्षा यादीतल्या सभासदाला द्यावी. यादीतल्या लोकांवर माझा राग नाही. त्यांच्या गाड्या रस्त्यावर लागतात, उचलून नेल्या जातात, दंड भरावा लागतो. त्यांची अडचण खरी आहे. आपण आलो तेव्हा आवारात चार गाड्या होत्या, आज मोजायला बोटं पुरत नाहीत. पण सोडत काढायचीच असेल तर एकाच घराच्या दुसऱ्या गाडीला ज्या जागा दिल्या आहेत, त्यांची काढा. (इथे काही जण हसले, काही हसले नाहीत. जे हसले नाहीत त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत.)

तेव्हा आपल्याकडे धड चालू होणारी एक गाडी नव्हती, तरी रात्री दोनला सहा माणसं खाली उतरली. आज सगळ्या गाड्या बटणावर सुरू होतात. म्हणून रुग्णवाहिकेला आत यायला जागा नसली तर मात्र कितीही माणसं उतरली तरी ढकलून उपयोग होणार नाही.

तेव्हा सभेला या. गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होऊन पाचच टाळक्यांत होणारी ती सभा नको. सगळे या आणि विषय क्रमांक सहाला हात वर करून ‘नाही’ म्हणा. पद्मीला लागायचे तेवढेच हात लागतील, आणि या वेळी कपडे काळे होणार नाहीत.

सूत्रसंचालिका घड्याळ दाखवते आहे. पुलाव गरम आहे तोवर जेवून घ्या. नमस्कार.