घंटागाडी आली का?

सकाळी कचऱ्याची बादली घेऊन दारात उभं राहायचं आणि घंटागाडी आलीच नाही, हा अनुभव नवा नाही. तक्रार केली, की ‘गाडी येऊन गेली’ हे उत्तर ठरलेलं! नाशिकसारख्या शहरांनी घंटागाड्यांना जीपीएस बसवलं, ते या वादासाठीच.

गाडीतली जीपीएसची डबी उपग्रहाला काहीच कळवत नाही, बरं का. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या किमान 4 उपग्रहांचे संदेश ती फक्त ऐकते, ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून स्वतःची जागा काढते आणि आतल्या सिमकार्डातून नियंत्रण कक्षाला कळवते. नकाशावर प्रत्येक गाडीचा मार्ग आधीच आखलेला असतो. एखादा थांबा चुकला की नोंद होते. त्यावरून ठेकेदाराला दंडही करता येतो.

उंच इमारतींच्या बोळात मात्र संदेश भिंतींवर आपटून येतात आणि गाडी नकाशावर शेजारच्या गल्लीत दिसते.

घंटागाडी गल्लीत आली, एवढं जीपीएस सांगतं. तिनं कचरा उचलला का, हे अजून दारात उभं राहूनच पाहावं लागतं.