शेती पसरली ती माणसांबरोबर, की पाहून शिकल्यानं?

श्रोतेहो, नवी गोष्ट दूरच्या गावी पोचते ती दोन वाटांनी. एक तर ती जाणणारा माणूसच तिथं जाऊन राहतो. नाही तर माणसं जागच्या जागी राहतात आणि शेजाऱ्याचं पाहून शिकतात. पीक दोन्हीकडं सारखंच दिसतं. मग हजारो वर्षांपूर्वी यांतलं काय घडलं, हे ओळखावं कसं?

युरोपचं उदाहरण घेऊ. तिथली पहिली शेती पश्चिम आशियातून आली. गहू, जव, शेळ्यामेंढ्या सारं तिकडचं. इ. स. पूर्वी ६५०० च्या सुमारास ती ग्रीसमध्ये होती, ब्रिटनला पोचली इ. स. पूर्वी ४००० च्या सुमारास. १९७१ साली अ‍ॅमरमन आणि काव्हाली-स्फोर्झा या संशोधकांनी जुन्या वस्त्यांची अंतरं आणि काळ ताडून वेग काढला. तो भरला वर्षाला सरासरी एक किलोमीटर. किती संथ! पण शेतकऱ्याला तो चटकन उमगेल. घरात खाणारी तोंडं वाढली, थोरला बापाच्या रानात राहिला, धाकट्यानं पंचवीस किलोमीटरवर रान मोडून शेत केलं. पिढी पंचवीस वर्षांची धरा, हिशेब जुळतो. त्यासाठी कुणी मोहीम काढायची गरजच नाही.

शिक्षकांना हे वर्गात मांडून दाखवता येईल. जमिनीवर खडूनं चौकटी आखा. कडेच्या चौकटीत ज्वारीचे दाणे ठेवा, ते शेतकरी. बाकीच्यांत एकेक चिंचोका, तो शिकारी. पहिल्या खेपेला दर डावात दाणे दुप्पट करा आणि चारांवरचे दाणे शेजारच्या चौकटीत सरकवा. दुसऱ्या खेपेला दाणे हलवायचे नाहीत. शेतकऱ्याला लागून असलेल्या चिंचोक्यावर खडूची खूण करा. तो शेती शिकला. पुढल्या डावात त्याचा शेजारी शिकेल. शेतीची हद्द दोन्ही खेपांना पुढं सरकते! म्हणजे नुसत्या वेगावरून निवाडा होत नाही. चौकटीत दाणा आहे की चिंचोका, हे वाकून पाहावं लागतं.

ते पाहणं अलीकडं शक्य झालं. जुन्या हाडांतला डीएनए, म्हणजे आनुवंशिकतेचा लेख, आता वाचता येतो. मध्य युरोपातले पहिले शेतकरी बव्हंशी आजच्या तुर्कस्तानाकडून आलेल्यांचे वंशज निघाले. स्थानिक शिकाऱ्यांशी त्यांचे संबंध जुळले, तेही पुढं वंशात उतरलं. म्हणजे तिथं दाणेच सरकले होते.

पण दर वेळी असंच घडतं, असं समजू नका. इ. स. पूर्वी २५०० च्या सुमारास युरोपभर उपड्या घंटेच्या घाटाचे मातीचे पेले पसरले. २०१८ साली त्या काळच्या सांगाड्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पेन आणि मध्य युरोप यांच्यात पेल्याची पद्धत पसरली, पण माणसांची फारशी ये-जा दिसली नाही. ब्रिटनमध्ये मात्र पेल्याबरोबर माणसंही आली, आणि काही शतकांत तिथल्या वंशाचा सुमारे नव्वद टक्के भाग बदलून गेला. खापरं मात्र दोन्हीकडं त्याच घाटाची. आणि अशा खापरांवरून ‘अमुक लोक इथं आले’ असं इतिहासाच्या पुस्तकांत एके काळी किती बेधडक लिहिलं जाई!